बिळकरांचा थोरला

सुकुमार गेल्याचा फोन आला तेव्हा मी उंदराचे कान लावत होतो. आमचा पिढीजात धंदा गणपतीच्या मूर्तींचा. गणपतीच्या पायाशी बसणारे उंदीर मी आधीच करून ठेवतो, म्हणजे पुढं घाई होत नाही. फोनवर सुकुमारची बहीण होती. तिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो. "दत्ता, सुकुमार गेला रे..." एवढंच बोलली. मी "आलो" म्हणालो आणि हातातला कान लावून टाकला. तो वाकडा लागला. तो उंदीर अजून तसाच फळीवर आहे.

स्मशानात त्याचे एक नातेवाईक माझ्याशेजारी उभे होते. मला म्हणाले, "माणूस चांगला हो, पण पन्नाशी उलटली तरी उंदरं खेळवत बसला." चिता पेटत होती म्हणून गप्प राहिलो. आता काही आठवडे झाले, राग मात्र होता तिथंच आहे. म्हणून त्या पाहुण्यांना उत्तर इथं देतो.

सुकुमारचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान. धान्य आलं की उंदीर आलेच, पण जैनाचं घर, त्यामुळं औषध घालायचं नाही आणि चाप लावायचा नाही. पिंजरा लावायचा, आणि सापडलेला उंदीर लांब नेऊन सोडायचा. शाळेत असताना आम्ही दोघं त्याच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या स्कूटरवर बसून गावाबाहेर कळंब्याच्या तळ्याकडं जायचो. मधे पिंजरा, त्यावर पोतं. तळ्याच्या अलीकडं आप्पा पिंजऱ्याचं दार उघडून म्हणायचे, "जावा बाबांनो, सुखानं ऱ्हावा." एकदा उसातून एक शेतकरी ओरडत आला, "ओ शेठ, तुमचं पुण्य आमच्या उसात सोडताय व्हय!" आप्पांनी स्कूटरला अशी किक मारली की मी पडता पडता वाचलो. मी हसत होतो. सुकुमार मागं वळून उसाकडं बघत होता. "आप्पा, ह्यांस्नी हितलं काय खायचं, काय न्हाय, कोण सांगणार?" त्या प्रश्नाचं उत्तर सुकुमार पुढं जन्मभर तयार करत राहिला, असं मला वाटतं.

पुण्याला शिकणाऱ्या भाच्यानं त्याला एक खेळ दाखवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातलं एकेक पात्र व्हायचं, "मी दार फोडतो", "मी पळतो" असं आपापलं म्हणायचं, आणि जमलं की फसलं ते फासा टाकून ठरवायचं. खेळाच्या नियमांचं एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यात लांब कानांचे, लांब दाढ्यांचे नाना प्रकारचे लोक होते. सुकुमारनं ते सगळं वाचलं आणि म्हणाला, "ह्यातलं एक तरी लक्ष्मीपुरीत आलं तर टिकंल काय?" मग त्यानं स्वतःची जमात केली. बिळकर.

बिळकर माणसाच्या कमरेएवढे. दोन पायांवर चालणार, अंगात बंडी घालणार, तोंड आणि शेपूट उंदराचं. अंधारात मिशांनी वाट शोधणार, एकदा गेलेली वाट विसरणार नाहीत. मोकळ्या मैदानात मात्र त्यांना धडकी भरणार, कायम भिंतीला अंग घासून चालणार. दात वाढत राहतात म्हणून प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी एक लाकूड. राग आला की भांडायचं नाही, ते लाकूड कुरतडायचं. सगळे कुणीतरी पकडून परक्या मुलखात आणून सोडलेले. म्हणून त्यांचा एक नियम होता. नवीन काही खायचं तर पहिला घास जमावातल्या थोरल्यानं खायचा, बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवून त्याच्या तोंडाकडं बघत थांबायचं, आणि तो "जेवा रे" म्हणाला की मगच जेवायचं. थोरला गेला, तर पुढं प्रत्येक जेवणाआधी त्याचं नाव घ्यायचं. ज्याच्या जिवावर आपण खातोय त्याचं नाव आधी, असं सुकुमार सांगायचा.

आणखी एक होतं. बिळकर दिवस मावळल्यावर खात नसत. आमच्यातला इरफान, शिरोलीला गॅरेज चालवतो, तो पहिल्याच रविवारी म्हणाला, "अरे, उंदीर रात्रीचंच खातोय की!" सुकुमार शांतपणे म्हणाला, "माझं न्हाय खात." त्याच्या घरात कुणीच खात नव्हतं, तर त्याचे उंदीर कसे खातील?

मला त्यानं बिळकर मातीत करायला लावले. आयुष्यभर बसलेला उंदीर करत आलेला मी, उभा करायला गेलो तर तो मागंच पडायचा. शेवटी शेपूट जमिनीला टेकवलं तेव्हा उभा राहिला. सुकुमारला कोण आनंद! थोरल्याचा एक कान त्यानं मला मुद्दाम फाटका करायला लावला. दर रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यांच्या थप्पीला टेकून आम्ही चौघं-पाच जण बिळकर व्हायचो. अक्का बिनलसणाचं भडंग आणून ठेवायची, इरफान त्यावर न चुकता नाक मुरडायचा आणि सगळ्यात आधी हात घालायचा. सुकुमार त्याच्या मनगटावर फटका मारायचा. आमच्यात वयानं तोच मोठा, त्यामुळं पहिली चिमूट त्याची. मग "जेवा रे". खेळातला नियम ताटात कधी आला ते आम्हालाही कळलं नाही.

असल्या खेळांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाला ही जमात आवडली. इंग्रजीत मोठं रंगीत पुस्तक काढणार होते. सुकुमारनं सगळं लिहून पाठवलं, माझ्या पुतळ्यांचे फोटोही पाठवले. त्याची मागणी एवढीच होती, "थोरल्याचा नियम ठेवा आणि खाली माझं नाव घाला." "व्हय सर, नक्की सर" झालं. पुस्तक आलं त्या दिवशी तो गिऱ्हाईक सोडून गल्ल्यावर वाचत बसला होता. मी गेलो तर पुस्तक मिटून माझ्याकडं सरकवलं. "ह्यांनी माझ्या माणसांस्नी चोर केलं, दत्त्या." जमातीचं नाव बदललं होतं. थोरला गायब. त्याच्या जागी नियम असा, की संकटात सोबत्याला सोडून पळालं तर एक फासा जादा मिळेल. रात्री चोरी केली तर आणखी एक. शेवटच्या पानावर आभारांची लांबलचक यादी होती. तीत संपादकाच्या मांजराचं नाव होतं. सुकुमारचं नव्हतं.

मी प्रकाशनाला फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता. "सर, उंदीर म्हटल्यावर वाचकांना चोरच अपेक्षित असतो. आणि ते म्हाताऱ्यानं आधी खायचं वगैरे... त्यानं खेळ रेंगाळतो." मी काय बोललो ते पुरवणीत छापण्यासारखं नाही. सुकुमारनं मात्र दोनदा सभ्यपणे कळवलं. दोन्ही वेळा "पुढच्या आवृत्तीत बघू" असं उत्तर आलं. ती आवृत्ती आली, त्यातही तेच. तेवढ्यात पोटाचा कॅन्सर निघाला. मला कुणी सांगू नये की दोन्हींचा संबंध नाही. मला कळतं. तरी राग यायचा तो येतोच.

शेवटच्या रविवारी आम्ही त्याच्या खाटेभोवती बसलो होतो. घोटभर पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. अक्कानं भडंगाचं ताट ठेवलं आणि लगेच उचलायला गेली. त्यानं हात आडवा केला. एक चुरमुरा घेतला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले... बराच वेळ. इरफाननं हात मांडीवर ठेवले होते. मग सुकुमार पुटपुटला, "जेवा रे." आम्ही जेवलो. तो चुरमुरा त्यानं नंतर हळूच रुमालात घेतला, ते सगळ्यांनी बघितलं आणि कुणीच बघितलं नाही.

तो गेल्यावर प्रकाशनातल्या त्याच मुलाचा मला फोन आला. श्रद्धांजली टाकायची होती. "सुकुमारसरांचा एखादा चांगला फोटो मिळेल का?" मी म्हणालो, "न्हाय मिळायचा. मांजराचा लावा."

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा मागच्या खोलीत जमलो. त्याच्यानंतर पहिल्यांदाच. फाटक्या कानाचा थोरला पोत्यावर उभा होता. अक्कानं भडंग आणून ठेवलं. कुणीच हात घातला नाही, इरफाननंसुद्धा नाही. त्यानंच आधी नाव घेतलं, "सुकुमार." मग सगळ्यांनी घेतलं. आणि मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला आधी समजेना. सुकुमारहून मी चार-सहा महिन्यांनी लहान. म्हणजे आता खेळणाऱ्यांत मोठा मीच.

चिमूट तोंडात घातली. चावली, गिळली. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावर. दोनच शब्द म्हणायचे होते, ते काही केल्या बाहेर येईनात. खिडकीतलं ऊन पोत्यांवरून सरकत भिंतीवर गेलं होतं. अक्का दारात उभी होती. पदर डोळ्यांना लावत तिनं बाहेर बघितलं.

"दत्ता, दिवस मावळाय लागला," ती म्हणाली. "म्हण की रे... पोरं थांबल्यात."

"जेवा रे," मी म्हणालो.