पिऊन दाखवलेलं पाणी

पाणी पास झालं की आमचे साहेब पेला आधी उन्हाकडे धरून बघायचे, मग गटागटा पिऊन मिशा पुसत म्हणायचे, "मी प्यालो. आता तुमी बिनघोर प्या."

साताऱ्याच्या आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतले ते सगळ्यात जुने. गावाला आमचा अहवाल कळत नसे, त्यांचा पेला कळायचा. "साहेब, एखाद दिवशी पोट बिघडेल," असं आम्ही चिडवलं की म्हणत, "माझं पोट सरकारी हाय रं!"

सरकारात काही बदलत नाही, असं तुम्हाला वाटत असेल. पण पिण्याच्या पाण्याची मानकं अधूनमधून पुन्हा तपासली जातात. तशाच एका फेरीत, उसाच्या खतातून विहिरीत उतरणाऱ्या क्षाराची मर्यादा खाली आली. तान्ह्या मुलांना त्याचा त्रास होतो. पाणी तेच राहिलं, पण काही विहिरी नापास झाल्या. त्यातली एक कोरेगावकडची, त्यांच्या धाकट्या बहिणीच्या गावची. तिचं पाणी पास झाल्यावर त्यांनी स्वतः पिऊन दाखवलेलं.

"फोनवर नको, तोंडानं सांगतो," म्हणाले आणि मला घेऊन निघाले.

ओट्यावर टेकतोय तोच बहिणीनं गूळ-पाणी आणलं. त्याच विहिरीचं. त्यांनी पेला उन्हाकडे धरला नाही, मुकाट्यानं पिऊन टाकला. मग खाली बघत म्हणाले, "नातवाच्या दुधाच्या पावडरीत हे पाणी आता घालू नगंस."

"का? तूच पिऊन दावलं हुतंस की, दादा!"

"तवाचं माप येगळं हुतं."

"आन् बाळानं कंच्या मापानं प्यायचं?"

बाळ पाळण्यात ठणठणीत होतं. नियम सुधारला हे चांगलंच झालं, चूक कुणाचीच नव्हती. तरी त्यांची मान वर होईना. मलाही तिथं बसून राहायची लाज वाटली.

त्यानंतर कुठल्याच गावात ते पाणी प्याले नाहीत. हात पेल्याकडे जायचा आणि खिशात परतायचा. निवृत्त होऊन ते मिरजेला मुलाकडे गेले.

परवा त्यांची बहीण गावच्या नव्या बोअरचं पाणी कॅनमधून घेऊन प्रयोगशाळेत आली.

"दादा आता इथं नसतात," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. लाजंनं माझ्या घरी बी येत न्हाई. राखीला सुदिक आला न्हाई." तिनं कॅन टेबलावर ठेवला. "नीट तपासा. पास झालं तर त्यालाच कळवा. म्हणावं, गूळ-पाण्याला ये. या खेपंला आदी मी पिऊन दावते."