सुपडूची रिकामी घागर

आमच्या तापीकाठच्या मळ्यात सुपडू तेलाचं इंजिन चालवायचा. खालच्या विहिरीचं पाणी त्या इंजिनाने केळीला जाई. १९५७च्या फेब्रुवारीत त्याची बायको नानीबाई तापाने पडली. निरोप येताच तो पळत घरी गेला आणि क्रूड तेलाच्या पिंपाची तोटी उघडीच राहिली. सकाळी पिंप रिकामं होतं, विहिरीकाठची माती काळी पडली होती आणि पाण्यावर तवंग होता.

नानीबाईला त्याच विहिरीचं पाणी आवडायचं. तापातही ती तेच मागे. सुपडूने नदीचं आणलं. एक घोट घेऊन तिने तोंड फिरवलं. नवव्या दिवशी ती गेली.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. सुपडूने मातीची नवी घागर आणली, पुजली आणि कोरडीच ठेवली.

"तिले तेच पाणी देसू," एवढंच म्हणाला.

माझ्या यजमानांनी वरच्या अंगाला दुसरी विहीर खणली. सगळे तिकडे गेले. सुपडूने मात्र खालच्या विहिरीजवळची झोपडी सोडली नाही. कापूस टाकून तो तवंग टिपून घेई, पण पावसाळ्यात मातीतलं तेल पुन्हा पाझरे. मग त्याला दिसलं की बैल बांधायचे तिथली काळी माती तांबूस झाली होती आणि तिच्यात हरळी फुटली होती. त्याने विहिरीकाठची काळी माती खणून दूर पडीक तुकड्यावर पसरली. तिच्यात शेण आणि कुजका पाला कालवला. दर आठवड्याला पाणी शिंपडून ती तो वरखाली करी.

शेजारच्या मळ्यातली जमनाबाई बांधावरून म्हणायची, "बायको तहानी गयी, नि हाऊ मातीले पाणी पाजी ऱ्हायना!"

"मातीबी तहानी शे, मावशी," तो म्हणे. इतर दिवशी त्याच्याशी तेवढंही कोणी बोलत नसे.

दर सोमवारी तो कापसाचा पेळू विहिरीत रात्रभर तरंगत ठेवी आणि मंगळवारी मला आणून दाखवी. त्याला लिहिता येत नव्हतं. मी वहीत रंग टिपून ठेवत असे. पहिली दोन वर्षं काळा, मग काळपट, मग पिवळसर.

१९६१ साली धुळ्याचे शेतकी अधिकारी आले होते. ती माती हातात घेऊन ते म्हणाले, "डोळ्यांना न दिसणारे जीव हे तेल खातात. तुम्ही त्यांना शेण, ओल आणि हवा दिलीत."

सुपडूने ती माती आपल्या ओंजळीत घेतली. "मंग मी एकला नही व्हतू," तो म्हणाला. चार वर्षांत तो हसलेला मी तेव्हाच पाहिला.

१९६३च्या आखाजीला सकाळीच तो दारात आला.

"बाई, वहीमा काय शे?"

मी वाचलं. लागोपाठ अकरा सोमवार, पेळू पांढरा.

त्याने विहिरीतून पाणी शेंदून घागर काठोकाठ भरली. बरोबर मी एकटीच होते. सहा वर्षं कोरडी राहिलेली घागरीची माती पाणी शोषू लागली. बघता बघता पाणी दोन बोटं खाली गेलं.

"कितली तहान लागनी व्हती तिले," सुपडू म्हणाला, आणि पुन्हा पोहरा विहिरीत सोडला.