ओली घोंगडी

नव्वद सालच्या सुमारास आमच्या अंथुर्ण्याच्या घरात नळ फुटला. बाळंतपण झालेली लेक संध्याकाळी तान्ह्याला घेऊन येणार, आणि पाळणा टांगलेली तिचीच खोली पाण्यात. दारातून वाहतं पाणी बघून एक म्हातारे मेंढपाळ सरळ आत आले. खांद्यावरची घोंगडी फरशीवर पसरून पाणी टिपलं, अंगणात पिळली, पुन्हा पसरली. मग घमेल्यात शेणी पेटवून खोली शेकली.

“वलीत लेकरू निजवू नगा,” एवढंच बोलले.

“मामा, चहा घ्या,” बायको म्हणाली. तिच्या माहेरचे असतील, असं मी धरून चाललो.

ते गेल्यावर विचारलं, “तुझे कोण गं?”

“अगं बाई! मी तुमच्याकडचे समजले!”

खोली मीच वाळवली, असं नातवाला आजवर सांगत आलो. ते कोण, अजून उमगत नाही. ऐन थंडीत ते तीच ओली घोंगडी खांद्यावर टाकून गेले.