समुद्रातले लाल ठिपके

पापणी मिटत जाते, तरी इरावती सबनीसच्या बोटांतून ओल्या कापसाचा बोळा सुटत नाही. समोर टेबलावर चित्रातला हिरवा समुद्र आडवा पडलाय. त्यात लाल ठिपके, तांदळाएवढे.

ऑस्लोच्या या संग्रहालयात चित्रं दुरुस्त करणं हे तिचं काम. हिरव्याचे टवके उडाले आणि खालचा लाल रंगाचा हात उघडा पडला, असं सगळे म्हणतात. संध्याकाळच्या आत ठिपके हिरव्याने भरायचेत. सकाळी तिने एक भरलासुद्धा. तेव्हापासून तो ठिपका

"खुपतोय?" कुणीतरी वाक्य पुरं करतं.

खिडकीत तोरबोर्ग नेसेट बसलीय. हे चित्र काढणारी, कधीची वारलेली. पायांत रबरी बूट. बोलते मराठी, तेही थेट इरावतीच्या मावशीच्या सुरात.

"तोरबोर्गबाई, तुम्ही"

"बाई काय? शाळा आहे का ही? चल, मला साडी घ्यायचीय."

खिडकीबाहेर दादरचं दुकान. पांढरी गादी. गादी डुलतेय, खाली पाणी आहे, त्याचं कुणाला काही नाही. विक्रेता हिरवी साडी उलगडतो. तोरबोर्ग पदर धरते: हिरवा. कलता करते: लाल.

"याला काय म्हणता?"

"धूपछाव," इरावती सांगते. "उभा धागा लाल, आडवा हिरवा."

"मधूनच लाल दिसतंय की. विणकर चुकला. भरून टाक हिरव्याने."

"चुकला नाही हो. खाली लाल आहे म्हणून तर हिरवा हलतो, तो भरला तर"

इरावतीची नजर हातातल्या बोळ्यावर जाते.

"बोल की. आता का दातखीळ बसली?"

गादी कलंडते. विक्रेता नाही, दुकान नाही. साडी पाण्यावर पसरत चाललीय, काठ दिसत नाही. तोरबोर्ग तिचं मनगट धरते. बोटं बर्फासारखी.

"सकाळी भरलास तो पूस."

"तुमचाच रंग निघाला तर? परत कुठून आणू?"

"मी तरी परत कुठून येऊ? पूस."

"आणि खरंच टवका असला तर?"

"कड बघ," तोरबोर्ग म्हणते, आणि मनगट खाली दाबते.

जाग.

बोळा हिरवा झालाय. सकाळचा ठिपका पुन्हा लाल. झोपेत तिने

आणि बोळ्यात लालही आहे. म्हणजे खालचा हातही निघाला?

ती ठिपक्यावर भिंग धरते. लाल शाबूत आहे. टवका उडाला असता तर हिरव्याची कड मोडक्या पापडासारखी दिसली असती. ही घावनासारखी आहे: पातळ, गोल, आपणहून थांबलेली. ती दुसरा ठिपका बघते. तिसरा. सगळीकडे तीच कड.

दार उघडतं. संग्रहालयाचा प्रमुख हॉल्वोर.

"किती भरून झाले?"

"एकही नाही. भरायचे नाहीत. तिनेच सोडलेत."

"कोण म्हणतं?"

इरावती भिंग त्याच्यापुढे धरते. दुसऱ्या हाताने बोळा उलटा करते. त्यात लाल दिसतंय तो रंग नाही. धागा आहे, रेशमी.