मुरगूडची मुलगी आणि हृदयातलं छिद्र

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात लहान मुलांचा दवाखाना चालवत होते. दोन खोल्या, एक वजनकाटा आणि बाहेर पेशंटना बसायला लांब बाकडं, एवढाच पसारा. माझं शिक्षण मुंबईला झालं होतं. तिथं हृदय तपासायची यंत्रं होती, शंका आली तर विचारायला सर होते. इथं आपले कान आणि एक्स-रेची फिल्म, एवढ्यावरच निदान करायचं.

थंडी सरता सरता मुरगूडहून एक जोडपं आलं. नवरा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. बायको असेल एकोणीस-वीस वर्षांची, आणि मांडीवर अडीच महिन्यांची पहिलीच मुलगी. पोरगी दूध ओढत नाही, दोन घोट घेते आणि दमते, असं ती सांगत होती. थंडीतसुद्धा पोरीच्या कपाळावर घाम येत होता. वजन जन्माच्या वेळेपेक्षा जेमतेम वाढलेलं. मी तिच्या छातीला नळी लावली आणि ठोक्याबरोबर येणारा खरखरीत आवाज स्पष्ट ऐकू आला. एक्स-रेत हृदय मोठं दिसलं.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे, असं मी त्यांना सांगितलं. बापानं ऑपरेशनचं विचारलं. तशी ऑपरेशनं मुंबईत व्हायला लागली होती, पण एवढ्या तान्ह्या जिवाला त्या काळी त्यात फार धोका होता. मी सरांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं ते एका ओळीचं: औषध द्या, वजन वाढवा, वाट बघा. अशी बरीच छिद्रं मूल वाढताना आपोआप लहान होतात, काही बुजतातही. तोवर मूल जगवायचं आणि वाढवायचं, हेच काम.

ते काम खरं तर आईचं होतं. अंगावर ओढून पोरगी दमायची, म्हणून दूध काढून वाटी-चमच्यानं, दर दोन तासांनी, थोडं थोडं पाजायचं. हृदयाच्या औषधाचे थेंब मोजून द्यायचे. थेंब जास्त झाले तर जिवावर बेतेल, म्हणून तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी बाटलीला हात लावायचा नाही, असं मी बजावलं. शिवाय पोरगी झोपली की एका मिनिटात किती श्वास घेते, ते मोजायचं. आई शाळेत गेली नव्हती, दहाच्या पुढं मोजताना अडखळायची. तिनं स्वतःच युक्ती काढली. नवऱ्याचं मनगटी घड्याळ समोर ठेवायचं आणि दहा श्वास झाले की एक चिंचोका बाजूला टाकायचा. सहाच्या वर चिंचोके गेले तर थेट दवाखाना गाठायचा, असं आमचं ठरलं.

दीड महिन्यानं ती पोरीला घेऊन सकाळच्या पहिल्या एस.टी.नं एकटीच आली. बाकड्यावर न बसता सरळ आत आली आणि मूठ उघडून सात चिंचोके माझ्या टेबलावर ठेवले. पोरीला न्यूमोनियाची सुरुवात झाली होती. नुकतीच सुरुवात असल्यानं आठवड्याभरात ती सावरली. दुसऱ्या दिवशी आली असती तर काय झालं असतं, हे मी तिला सांगितलं नाही.

पोरगी आठ-नऊ महिन्यांची झाली तेव्हा तापासाठी गावातल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून सांगितलं, की छातीतला आवाज फार मोठा येतोय. बाप लग्नातून बँडच्या लाल कोटातच घरी गेला आणि दोघींना घेऊन माझ्याकडे आला. मी ऐकलं. आवाज खरंच वाढला होता. पण वजनही वाढलं होतं आणि घाम थांबला होता. छिद्र बारीक होत गेलं, की रक्त त्यातून जास्त जोरानं निसटतं आणि आवाज चढतो, असं मी समजावलं.

"म्हंजे दाराची फट बारीक झाली की वारा जास्त शिट्टी मारतोय, तसं?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. त्यानं कोटाची वरची दोन बटणं सोडली आणि बायकोकडं बघून पहिल्यांदा हसला.

तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा मात्र घाबरायची पाळी माझी होती. मी नळी लावली तर तो खरखरीत आवाजच नाही. आईबाप माझ्या तोंडाकडं बघत होते. याचे अर्थ दोन निघतात. एक तर छिद्र बुजलं. नाहीतर फुप्फुसांतला दाब इतका चढलाय की छिद्रातून रक्त वाहणंच थांबलंय. दुसरं खरं असेल तर पुढं कुणाच्याच हातात फारसं काही राहत नाही. मी त्यांना एक्स-रेला पाठवलं. फिल्म येईपर्यंत बाकीची मुलं तपासली, पण लक्ष दाराकडं होतं.

फिल्म उजेडाला धरली. हृदय आपल्या मापाचं होतं, फुप्फुसं स्वच्छ. मी पुन्हा नळी लावली. फुप्फुसांतला दाब चढला की जोरात वाजतो तो हृदयाचा दुसरा ठोका हलका आणि नेहमीसारखा होता. छिद्र बुजलं होतं.

तसं सांगितल्यावर बापानं डोळे पुसले. आई रडली नाही. ती जरा पुढं सरकून म्हणाली, "बाई, मग आता हिला एखादा धपाटा घातला तर चालंल का? लई द्वाड झालीया. रडली तर दम लागंल म्हणून तीन वर्सं बोट लावलं न्हाई."

मी खूप हसले. धपाट्याची परवानगी दिली नाही, पण आता रडली तर रडू दे म्हणाले. पोरगी तोवर वजनकाट्यावर चढून उड्या मारत होती.

सगळ्यांचं असं झालं नाही. मलकापूरच्या एका मुलाला शेवटी मुंबईला पाठवावं लागलं. तो ऑपरेशन होऊन धडधाकट परत आला. एक बाळ मात्र मला वाचवता आलं नाही, ते आजही डोळ्यांसमोर येतं. पण मुरगूडच्या त्या घरचं पुढं कुणीच आलं नाही. दोन-तीन वर्षांनी तिकडचा एक पेशंट सहज बोलून गेला, की बँडवाल्याची पोरगी शाळेत जाते आणि लंगडीत कुणाला ऐकत नाही. ते ऐकून मला फार बरं वाटलं.