धारोष्ण दूध
उतू गेलेल्या दुधाचा करपट वास आला की मला ह्यांच्या केमोनंतरची ती संध्याकाळ आठवते. पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या, म्हणून कच्चं काहीही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी ह्यांचा तालमीतला मित्र समोर धार काढून देतात त्या दूधकट्ट्यावरून म्हशीचं धारोष्ण दूध चरवीत घेऊन आला. “वैनी, ह्यानं गडी आठ दिसात उभा ऱ्हातोय की.” ह्यांनी लगेच हात पुढे केला. मी चरवी हिसकावली आणि दूध गॅसवर चढवलं. “उकळल्यावर ताकद ऱ्हाती व्हय?” मित्र म्हणाला. “जंतुसंसर्ग झाला तर खांदा द्यायला या,” मी म्हणाले. या भांडणात निम्मं दूध उतू गेलं आणि हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज ठणठणीत आहेत, आणि मित्राच्या दुधानं वाचलो, असं माझ्यादेखत सगळ्यांना सांगतात.