झांजा नसलेला अल्बम

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. वीसहून जास्त वर्षं त्याने इंजिनरूममध्ये काढली. लग्न केलं नाही, त्यामुळे सुट्टीत तो मांडवीला आमच्याकडेच, पुढच्या खोलीत राहायचा. कॉलेजपासून त्याला रॉक संगीताचं वेड. मला त्यातलं काही कळत नाही. माझा धंदा वजनकाटे तपासायचा आणि दुरुस्त करायचा. मासळीवाल्यांचे, किराणावाल्यांचे काटे माझ्याकडे येतात.

कंपनीकडे हट्ट धरून तो डिसेंबरची सुट्टी घ्यायचा. नाताळच्या आधी परदेशातल्या कंपन्या रॉकचा सगळा माल बाजारात काढतात: जुन्या अल्बमांचा आवाज नव्याने स्वच्छ करून, जाडजूड पेट्यांत घालून, सोबत कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं. शिवाय पुढच्या वर्षीच्या दौऱ्यांच्या घोषणा, आणि कुणीतरी गेल्याची बातमी. ती दरवर्षी असतेच, कारण त्याचे आवडते वादक आता सत्तरीच्या पुढे आहेत. हे सगळं वाचून, ऐकून तो कॉलेजमित्रांच्या फोनवरच्या ग्रुपवर मराठीत लिहायचा. कुठला अल्बम घ्यावा, कुठल्यात नुसतं खोकं बदललंय, हे त्याच्याकडून कळल्याशिवाय मंडळी खरेदी करत नसत. जहाजावर त्याच्या हाताखाली माणसं होती, पण त्याला खरा मान या ग्रुपचा वाटायचा.

गेल्या डिसेंबरात त्याचा सर्वांत आवडता अल्बम असा नव्याने निघाला. दोन दिवस तो हेडफोन लावून बसला आणि मग त्याने ग्रुपवर मोठी चिडकी टीप टाकली. ड्रमसोबत वाजणाऱ्या झांजा पुसून टाकल्यात, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो, ही सरळ फसवणूक आहे, कुणी घेऊ नये.

लांज्याला त्याचा एक वर्गमित्र काजूचा कारखाना चालवतो. त्याने तासाभरात उलट लिहिलं, "मेल्या, झांजा ढिगाने आहेत. तुझ्या कानात इंजिनाचं ग्रीस गेलंय, धुऊन ये."

भाऊ हसला. "याला काजू भाजायची भट्टी आणि ड्रम यातला फरक कळत नाही," तो मला म्हणाला. पण संध्याकाळपर्यंत आणखी तिघांनी लिहिलं की झांजा आहेत, स्वच्छ ऐकू येतात. मग तो हसेना. आधी त्याने हेडफोनला दोष दिला. माझ्या मुलीचा हेडफोन आणला, मग गाडीत बसून ऐकलं, तरी झांजा नाहीतच. मग आम्ही जेवायला बसलो. माझी बायको म्हणाली, "भावजी, मघापासून फ्रिजचं दार उघडं राहिलंय. किती शिट्टी मारतोय तो! तुम्ही शेजारी उभे होतात."

"लक्ष नव्हतं, वहिनी," तो म्हणाला.

जानेवारीच्या मध्यावर त्याला नव्या जहाजावर रुजू व्हायचं होतं. त्याआधी मुंबईला कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणी असते आणि तिच्यात कानांची चाचणी असते. ते माझ्या डोक्यात आलं. त्याच्याही आलं असणार.

रविवारी सकाळी तो माझ्याजवळ आला. "दादा, तू ऐक. तुला कुणाची बाजू घ्यायची नाही."

माझ्या कामाची एक पद्धत आहे. माल कमी भरला म्हणून कुणी भांडत आलं की मी मालाकडे बघत नाही. आधी शिक्क्याचं, म्हणजे सरकारी छापाचं अचूक वजन पारड्यात ठेवतो. म्हणून मी विचारलं, "तुझ्याकडे याची जुनी सीडी आहे ना? ती आधी लाव."

"ती मला पाठ आहे."

"पाठ असेल. शेवटची कधी ऐकलीस?"

"झाली असतील सहा-सात वर्षं. पण तिच्यात झांजा आहेत, दादा. शपथेवर सांगतो."

"मग लाव की."

त्याने लावली. गाणं सुरू झालं आणि ठरावीक जागी त्याचा उजवा हात आपसूक हवेत पडू लागला. झांज कुठे वाजते ते त्या हाताला ठाऊक होतं. मला ती ऐकू येत होती, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी. काही वेळाने त्याचा हात थांबला.

"आवाज वाढव," तो म्हणाला.

"भरपूर आहे."

"वाढव म्हणतो ना."

मी वाढवला. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. तो मान वाकडी करून एकेक कान स्पीकरशी नेऊन बघत होता. मग त्याने स्वतःच बंद केलं.

"तुला येतंय?"

"येतंय. दोन्हींत सारखंच आहे."

"मी काय तुझा काटा आहे काय रे?" तो ओरडला आणि पायात चपला न घालता बाहेर पडला. समुद्रालगतच्या पुळणीवर पर्यटकांच्या गाड्यांतून मोठमोठ्याने गाणी वाजत होती. त्या गर्दीतून तो चालत गेलेला मी गेटातून पाहिला. मी दुसऱ्या शब्दांत सांगू शकलो असतो, पण ते दुसरे शब्द कोणते, हे मला अजून सापडलेलं नाही.

सोमवारी आम्ही गावातल्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर आलेख काढून दाखवला. खालच्या सुरांना रेघ बरी होती, वरच्या सुरांना खड्ड्यात गेल्यासारखी. इंजिनरूममध्ये कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या घालत होतात ना, त्यांनी विचारलं.

"घालत होतो," भाऊ म्हणाला. "त्यांच्या आत छोटे इअरफोन लावून गाणी ऐकायचो. इंजिनाच्या वर आवाज ठेवावा लागायचा."

डॉक्टर लिहायचे थांबले. "किती वर्षं?"

"कायम."

मागच्या वेळी कंपनीच्या चाचणीत पास कसे झालात, असं विचारल्यावर तो म्हणाला की शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं असतं, मी अंदाजाने दाबत होतो. गेलेलं परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. राहिलेलं टिकवायचं तर मोठा आवाज कायमचा बंद. इंजिन नको, हेडफोन नको.

मुंबईची तपासणी त्याने दिली नाही. अंदाजाने बटण दाबून पुन्हा सुटता आलं असतं कदाचित, पण इंजिन बिघडतंय हे मला आवाजावरून कळत नसेल तर खाली माणसं मरतील, एवढंच म्हणाला. कंपनीला तसं कळवून टाकलं. ग्रुपवर त्याने लिहिलं, "अल्बम चांगला आहे, चूक माझी." कारण लिहिलं नाही. लांज्याच्या मित्राने हसणारे चेहरे पाठवले आणि पुढची खरेदीची यादी कधी, असं विचारलं. त्याला कसं कळणार?

आता तो बातम्या वाचतो. दर शुक्रवारी कुठले नवे अल्बम निघाले ते वाचतो आणि ऐकत नाही. निदान मी तसं धरून चाललो होतो. परवा दुपारी मी जेवायला घरी आलो तर पुढच्या खोलीचं दार लावलेलं होतं आणि आतून त्याच अल्बमचं गाणं येत होतं, पूर्ण आवाजात. भिंत हादरत होती. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, जा ना, सांगा त्यांना. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

मी दारापर्यंत गेलो. कडीवर हात ठेवला. आत गेलो असतो तर त्याने बंद केलं असतं, मला खात्री आहे. गाणं संपेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. ते संपलं आणि त्याने पुन्हा तेच लावलं.